लहरीगुरूंची तांब्याची चकती

बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये त्या मंगळवारी सकाळी दीड-दोनशे माणसं जमली होती आणि बहुतेकांच्या हातात कॉम्प्युटर होता. कुणी तो चादरीत गुंडाळून आणला होता, कुणी छातीशी धरला होता. तापानं फणफणलेलं मूल दवाखान्यात आणावं, तशी एकेकाची चर्या.

पुढच्या चौथऱ्यावर लहरीगुरू बसले होते. अंगात पांढरा डगला, कानाला लुकलुकणारा निळा दिवा, बोटांत तांब्याची चकती. विश्वलहरींशी आपलं बोलणं चालतं, म्हणून हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. मराठीत लहरी माणूस कुणाला म्हणतात, हे भक्तांपैकी कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नव्हतं.

"यंत्राला जीव नसतो म्हणतात!" गुरू गरजले. "मग तुम्हीच का म्हणता, कॉम्प्युटर झोपला? दगड कधी झोपतो का?"

"वा!" गर्दी म्हणाली.

घड्याळही चालतं, म्हणून त्याला कुणी चपला घेत नाही, असं मी पुटपुटले. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनं माझा दंड दाबला. "ताई, आज नको. पाया पडते तुझ्या."

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. एरवी मी तिथे फिरकले नसते. पण धाकटी तीन रात्री झोपली नव्हती आणि तिच्या सासूबाईंनी जेवण सोडलं होतं.

धाकटी शस्त्रक्रियेआधीचे नमुने तयार करते. रुग्णाच्या कवटीचे, जबड्याचे स्कॅन येतात, त्यावरून ती कॉम्प्युटरवर हाडाची हुबेहूब आकृती उभी करते. त्याबरहुकूम डॉक्टर धातूची पट्टी वाकवून घेतात. अपघातात जबड्याचा चुरा झालेल्या एका बसचालकाची शस्त्रक्रिया शुक्रवारी होती. आकृती गुरुवारी दुपारपर्यंत द्यायची होती. हे काम ती करायला लागली ती नवरा गेल्यावर. कॉम्प्युटर त्याचाच. त्यानं हौसेनं, एकेक भाग निवडून जोडलेला.

नव्या कामाला जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उभं करणारा भाग, पुरेना, म्हणून तिनं महिन्यापूर्वी ते काढून मोठं कार्ड बसवून घेतलं. तेव्हापासून दुखणं सुरू झालं. पत्रं लिहा, हिशेब करा, कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चाले. आकृती बांधायला घेतली की दोन मिनिटांत टप्प! पडदा काळा, पंखे थंड. दोन दुकानदारांनी तपासलं. आकृती न बांधताच तपासलं, आणि काही दोष नाही म्हणून परत दिला.

आमची पाळी आली. गुरूंनी कॉम्प्युटरवर हात ठेवला.

"हे आधी कुणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं," धाकटी म्हणाली.

"ते कुठे आहेत?"

धाकटी खाली बघू लागली. तेवढं त्यांना पुरलं.

"आणि तुम्ही त्यांचं काहीतरी काढून टाकलंत."

"जुनं कार्ड..."

हॉलमधून एक सुस्कारा गेला. "ते रागावलेत!" गुरू म्हणाले. मग त्यांची नजर आमच्यासोबत आलेल्या सासूबाईंच्या चेहऱ्याकडे गेली आणि सूर झटक्यात बदलला. "राग नव्हे हो, माया! त्यांचा जीव अडकलाय यात. तुम्ही पुढे निघालात की ते पदर धरतात."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "माझा बाळ आहे हो इथे? खरंच आहे?"

"आहेत. सगळ्यांनी डोळे मिटा. दोन मिनिटं. उघडाल तर लहरी तुटतील."

दोनशे जोडी डोळे मिटले. माझेही. शरम वाटते सांगायला, पण बहिणीनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. शांततेत मला फक्त कीबोर्डची टकटक ऐकू आली. गुरूंची एक शिष्या कॉम्प्युटरपाशी 'लहरींची नोंद' घेत होती.

डोळे उघडले तेव्हा कॉम्प्युटरवर चकती चिकटवलेली होती आणि पडद्यावर जबडा हळूहळू फिरत होता. एक मिनिट, पाच मिनिटं, दहा मिनिटं. बंद पडला नाही! टाळ्यांनी छपराचे पत्रे हलले.

घरी आल्यावर धाकटीनं काम लावलं. कॉम्प्युटर खरोखर बंद पडला नाही. पण संध्याकाळी पडद्यावर उरलेला वेळ दिसला, तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं. बासष्ट तास. गुरुवार दुपारला उरले होते त्रेचाळीस.

गुरूंना फोन केला. शिष्येनं निरोप दिला, "त्यांचा जीव हळूहळू सुटतोय. आईंनी यंत्राशी बोलत राहावं."

आणि धाकटीच्या सासूबाई, मी त्यांना काकू म्हणते, बोलू लागल्या. खुर्ची ओढून त्या थंड पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाळा, तिला करू दे. पोटासाठी करतेय रे ती. राहा तू इथे, पण अडवू नकोस." त्यांच्यामागे भिंतीला टेकून माझी शिकलेली, हुशार बहीण हात जोडून पुटपुटत होती, "अहो, एवढं एकदा. फक्त एवढं एकदा."

वर्गात मी अंधश्रद्धेवर तासभर बोलू शकते. त्या खोलीत मी काकूंच्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला आणि बाहेर आले.

बुधवारी सकाळी काकू आंघोळीला गेल्यावर मी चकती उपटली आणि चपलांच्या कपाटात टाकली. काही झालं नाही. जबडा त्याच संथ चालीनं फिरत राहिला. म्हणजे करामत चकतीची नव्हती. मग कीबोर्डवर ती टकटक कसली होती?

"धाकटे, कार्डाचा वेग ठरवतात ती खिडकी कुठे असते?"

तिनं उघडून दाखवली. सरकवून कमी-जास्त करायच्या दोन पट्ट्या होत्या. कार्डानं किती वीज ओढायची ती अर्ध्यावर आणलेली, आणि किती वेगानं पळायचं ती तळाला नेलेली. कॉम्प्युटर सुरू होताच हेच लागू व्हावं, अशी खूणही केलेली होती.

"हे मी नाही केलं," ती म्हणाली.

मी झालेलं काम जपून ठेवायला लावलं आणि दोन्ही पट्ट्या पुन्हा वर सरकवल्या. टप्प! अंधार.

"ताई! काय केलंस हे!" ती किंचाळली आणि जमिनीवर बसून ढसाढसा रडायला लागली.

आमच्या शाळेचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे मास्तर तासाभरात आले. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, तळाशी बसवलेला, भिंतीतली वीज आतल्या भागांना वाटून देणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, दाखवला आणि त्यावरची चिठ्ठी धाकटीलाच वाचायला लावली.

"साडेचारशे वॉट," ती म्हणाली.

"आठ वर्षं जुना. आता कार्ड किती ओढतं?"

"तीनशे वीस."

"प्रोसेसर दीडशे. बाकी पंखे, डिस्का धरा साठ. करा बेरीज."

"पाचशे तीस," ती हळूच म्हणाली.

"आणि कार्ड मधूनच क्षणभर याहून मोठा घोट घेतं. तोंडं वाढली, ताट तेवढंच. डबा स्वतःला वाचवायला बंद होतो. ही खोड नाही बाई, शहाणपण आहे त्याचं." त्यांनी कार्डाचा प्लग ओढून दाखवला. एका टोकाला तो तपकिरी झाला होता. "हलका माल असता तर बंद न पडता पेटला असता." गुरूंच्या शिष्येनं पट्ट्या खाली ओढून कार्डाची भूक तोडली होती, म्हणून कॉम्प्युटर बंद न पडता नुसता रांगत होता.

कार्डाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं, किमान साडेसातशे वॉटचा डबा लावा. बसवणाऱ्यानं वाचलं नव्हतं, आणि आम्हीही.

मास्तरांनी चांगल्या कंपनीचा साडेसातशेचा डबा आणून बसवला. कार्ड बसवणाऱ्यानं दोन जुने फाटे जोडून केलेली जुगाडू वायर फेकली आणि कार्डाला डब्याच्याच वायरी लावल्या. पट्ट्या पूर्ण वर. आम्ही श्वास रोखून बसलो. पंखे घोंघावले, जबडा गरगर फिरू लागला. उरलेला वेळ सोळा तास.

धाकटी हसली, रडली, मास्तरांच्या पाया पडायला वाकली. काकू मात्र दारातच उभ्या होत्या.

"म्हणजे तो नव्हताच इथे?"

"नाही, काकू."

"मग काल मी कुणाशी बोलले?"

मी त्यांना जवळ घेतलं. दीड वर्षापूर्वी मुलगा गेला तेव्हाही रडल्या नसतील इतक्या त्या रडल्या. त्या माणसानं त्यांचा मुलगा एका रात्रीपुरता परत आणला होता आणि आम्हाला तो पुन्हा न्यावा लागला होता. मला लहरीगुरूंचा खरा संताप आला तो तेव्हा.

गुरुवारी आकृती वेळेत गेली. पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा हॉलमध्ये गेलो. बोलायचं मी ठरवलं होतं, पण गुरूंनी डोळे मिटायला सांगितलं तेव्हा गर्दीतून काकू उठल्या.

"मी नाही मिटणार. आणि त्या बाईंनी कीबोर्डवरचे हात वर करावेत. मग दाखवा तुमची माया."

"आजी, लहरी तुटतील..."

"तुटू देत."

शिष्येनं हात मागे घेतले. काकूंनी सगळ्यांना डोळे उघडे ठेवायला लावले. समोर एका मुलाचा, व्हिडिओ गेम लावला की बंद पडणारा कॉम्प्युटर होता; गुरूंनी चकती लावली, पुटपुटले, गेम सुरू केला. दीड मिनिटात टप्प! दुसरी चकती. टप्प! मग मी पट्ट्या दाखवल्या, त्या खाली ओढल्या, आणि तोच कॉम्प्युटर चकतीशिवाय रांगत रांगत चालू राहिला. "म्हणूनच दर महिन्याला यावं लागतं होय?" मागून एक शिंपी ओरडला. "काहीतरी नवं भरलं की पट्ट्या वर जातात आणि दोष परत येतो!"

"आज लहरी प्रतिकूल आहेत," म्हणत गुरू मागच्या दारानं निघाले. सगळ्यांचे डोळे उघडले, असं मी म्हणणार नाही. एका गृहस्थांनी आम्हालाच नास्तिक म्हणून शिव्या घातल्या आणि चकती खिशात घालून ते घरी गेले.

वाचकहो, मोठं कार्ड घ्याल तेव्हा आधी सगळ्या भागांच्या वॉटची बेरीज करा, तिच्यावर वाढीव वॉटची भरपूर जागा ठेवा आणि त्या मापाचा, नावाजलेला डबा लावा. समजत नसेल तर समजणाऱ्याला विचारा. त्यात कमीपणा नाही. आणि घरात कुणी गेलेलं असेल, तर त्याच्यासाठी मोकळेपणी रडा, एकमेकांपाशी रडा. ते दुःख उचलून कुठल्याही चौथऱ्यावर नेऊन ठेवू नका. तिथे बसलेल्याला तुमच्या माणसाचं नावसुद्धा ठाऊक नसतं.