उणे दोन ते अकरा

भावाचा डावा कान एका सकाळी अचानक बंद पडला. तो पियानो जुळवणारा. कान गेला म्हणजे पोटापाण्याचं कामच गेलं. गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा कानाच्या डॉक्टरांनी शेवटचा उपाय सांगितला, पडद्यातून आत इंजेक्शन. "पण खरं सांगतो," ते म्हणाले, "अभ्यासात याचा उपयोग दिसलेला नाही."

भाऊ तडक बहिणीकडे आला. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणं हीच तिची नोकरी. तिने तो अभ्यास वाचला, उठली, खिडकी उघडली, पुन्हा लावली.

"ताई, बस ना. तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच चक्कर येतेय."

"डॉक्टर चुकले," ती उभ्यानेच म्हणाली. "औषध घेतलेल्यांचं ऐकणं बाकीच्यांपेक्षा सरासरी किती सुधारलं, त्याचा हा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी जिथे असू शकते तो पट्टा. उणे दोन ते अकरा डेसिबल. मध्ये शून्य, म्हणजे काहीच फरक नाही, हेही येतं म्हणून ते उपयोग नाही म्हणाले. पण या पट्ट्यात शून्य बसतं तसं आठही बसतं. उपयोग सिद्ध झाला नाही, एवढंच."

"पंच्याण्णव टक्के लिहिलंय. म्हणजे मला तेवढा चान्स?"

"नाही रे! असे शंभर अभ्यास केले, तर साधारण पंच्याण्णवांचे पट्टे खऱ्या सरासरीला पकडतील. हा पट्टा पकडणाऱ्यांतला की हुकलेल्यांतला, देव जाणे. आणि तो सगळ्यांच्या सरासरीचा आहे, तुझ्या कानाचा नाही."

"मग माझ्या कानाचं कोण सांगणार?"

तिने अभ्यासाची पानं पुन्हा चाळली. परक्यांना हेच समजावताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती.

"धोका काय?"

"पडद्याला भोक राहू शकतं. क्वचित."

"तू असतीस तर?"

"घेतलं असतं," ती बोलून गेली, आणि लगेच जीभ चावली.

त्याने इंजेक्शनं घेतली. त्या दिवसांत फोन वाजला की ती दचकायची. ऑफिसात एकच तक्ता पुन्हापुन्हा तपासत बसायची. हळूहळू त्याला खालचे सूर ऐकू येऊ लागले. वरचे मात्र फाटकेच राहिले. उजव्या कानाच्या भरवशावर तो कामाला लागला.

"औषधानेच झालं ना गं?"

"सांगता येत नाही. कधीकधी आपोआपही सुधारतं."

"कमाल आहे तुझी! एकदा हो म्हणालीस तर काय बिघडेल?"

तो हसला. तिला हसू येईना. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना गाठलं. "पुढच्या पेशंटला नुसतं 'उपयोग नाही' म्हणू नका. पूर्ण पट्टा दाखवा."

"लोक गोंधळतात हो, मॅडम."

"गोंधळू देत," ती म्हणाली खरी, पण जिना उतरताना 'माझ्या कानाचं कोण सांगणार?' हा भावाचा प्रश्न तिला एकेका पायरीवर थांबवत होता.