लूक टूहीच्या नावाचा थांबा

फिंटन हेफरननच्या जिभेवर साखर होती, हे आधीच सांगून टाकते. तो पर्यटकांचा गाईड आणि बरीच वर्षं मी त्याची बस चालवली. सकाळी डब्लिनहून निघायचं, किलकेनीचा किल्ला, काहिरचा किल्ला, कॅशलचा खडक करायचा आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. मी स्टिअरिंगवर, तो माझ्या शेजारी उभा, माईक कानाला अडकवलेला. धुक्यात काचेपलीकडचं काही म्हणजे काही दिसत नसलं तरी तो बोलायला लागला की लोक माना वळवून बघायचे.

"डर्व्हला," तो म्हणायचा, "किल्ला दिसला नाही तरी भागतं. रक्त दिसलं पाहिजे."

रक्त त्याला नॉकगाराच्या पुलावर सापडलं होतं.

काहिरच्या अलीकडे आडरस्त्यावरचा तो अरुंद दगडी पूल. १९२१ साली इंग्रजांच्या टॅन शिपायांनी आमच्याकडची तीन बंडखोर पोरं तिथे कठड्याशी उभी करून मारली. पोरं गिरणीच्या माळ्यावर लपली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत गिरणीवाला लूक टूही त्याच पुलावर मरून पडलेला सापडला. डोक्यात गोळी, गळ्यात 'फितूर' अशी पाटी. ही गोळी आपल्याच माणसांची होती. गावाला एवढं ठाऊक होतं आणि गाव त्यावर बोलत नसे.

फिंटन बोलायचा. पुलावर बस थांबवायला लावायचा आणि आवाज उतरवून सांगायचा, "इंग्रज कॅप्टननं गिरणीवाल्याला एक घोडा कबूल केला होता, मंडळी. काळाभोर घोडा. त्या एका घोड्यापायी त्यानं तीन पोरं विकली." पुढे, मरताना पोरांनी आईला कशा हाका मारल्या, ते. बायका डोळे पुसायच्या.

"हा घोडा कुठून आणलास?" मी एकदा विचारलं.

"माझ्या तबेल्यातून," तो हसून म्हणाला.

गिरणी केव्हाच पडली, टूही मात्र तिथेच राहिले. लूकचा नातू मालाकी, साठी ओलांडलेला, आणि त्याची थोरली बहीण अट्रॅक्टा. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. पुलापलीकडे त्यांचं घर आणि गाईंचा गोठा. मालाकी पहिल्यांदा बसपाशी आला तो टोपी हातात धरून.

"साहेब, आमच्या आजोबांचं नाव तेवढं घेऊ नका. बाकी काय सांगायचं ते सांगा."

"नाव गाळलं तर गोष्टीत उरलं काय?" फिंटन म्हणाला. "आणि रागावतोस कशाला, मालाकी? तुझ्या आजोबाला आता पार जपानात ओळखतात!"

दुसऱ्यांदा तो भर उन्हाळ्यात आला. त्याला येताना पाहून फिंटननं माईकवरून सांगितलं, "हा बघा, त्याच रक्ताचा माणूस!" सगळे कॅमेरे खिडक्यांकडे वळले. एका बाईनं काच सरकवून, सोबत फोटो काढू का, असं विचारलंसुद्धा. मालाकी मागे फिरला. तोवर तिकडे त्याला 'घोडेवाला' म्हणायला लागले होते. रविवारी तो चर्चमधून बाहेर पडला की टोळकी मागून खिंकाळायची. मला हे पुढे कोर्टात कळलं.

ऑक्टोबर उजाडला. गारठा, ओला रस्ता. पुलावर वळले तर समोर ट्रॅक्टर आडवा. मी ब्रेक दाबला. मालाकी ट्रॅक्टरवरून उतरला, हातात हर्ली. आमच्या हर्लिंग या खेळातली ही काठी जड लाकडाची, टोकाला पळीसारखी पसरट आणि त्यावर लोखंडी पट्टी ठोकलेली.

"आता नाटक बघायला मिळणार!" मागून कोणीतरी म्हणालं आणि बसमध्ये टाळ्या पडल्या.

पहिला फटका समोरच्या काचेवर बसला. काचेवर जाळं पसरलं. टाळ्या वाढल्या. दुसऱ्या फटक्यानं माझ्या बाजूचा आरसा उडून नदीत गेला. मी दाराची कडी लावली, फोन काढला.

"उतरू नकोस," मी फिंटनला म्हटलं. "पोलीस येईपर्यंत दार बंद राहू दे."

"म्हाताऱ्याला भिऊन बसू? या सगळ्यांच्या देखत?" फिंटननं माझ्या अंगावरून हात घालून कडी काढली आणि हसत हसत उतरला. "काय रे मालाकी, गाईंनी लाथ मारली का आज?"

"नाव घे," मालाकी म्हणाला. "घे की आता."

फिंटननं हात पसरले, प्रेक्षकांसमोर पसरावेत तसे. "लूक टूही," तो म्हणाला.

काठी त्याच्या बरगड्यांत बसली, दुसऱ्यांदा खांद्यावर, तिसऱ्यांदा तोंडावर. माईक कानालाच होता, त्यामुळे सगळं बसमध्ये ऐकू येत होतं. बाहेर काठी उठलेली दिसायची आणि आत प्रत्येकाच्या डोक्यावर, स्पीकरमधून, हाड मोडल्याचा आवाज यायचा. त्यामागून फिंटनचा घुसमटलेला श्वास, तोंडातलं रक्त गिळल्याचा आवाज. टाळ्या केव्हा थांबल्या, सांगता येत नाही. कॅनडाच्या दोन बहिणी एकमेकींना धरून किंचाळत होत्या. एक धिप्पाड जर्मन गृहस्थ उठून दारापर्यंत गेला आणि तिथेच पायरीवर मटकन बसला.

फिंटन पडला. मालाकीनं पुन्हा काठी उगारली, पण त्याला धाप लागली होती. काठी खाली आली तशी फिंटननं पडल्या पडल्या दोन्ही हातांनी धरली. तरुणपणी तो जिल्ह्याच्या संघातून हर्लिंग खेळला होता. एका हिसड्यात काठी त्याच्याकडे, म्हातारा गुडघ्यांवर. उठता उठताच फिंटननं त्याच्या मांडीवर घाव घातला. मालाकी कठड्याशी कोसळला आणि त्यानं एक हात वर केला. पंजा उघडा. बस्स झालं, असा.

तिथे सगळं थांबायला हवं होतं.

"फितुराची अवलाद!" स्पीकरमधून फिंटन ओरडला आणि वर केलेल्या हातावरच मारलं. बोटं पिळवटली. "अवलाद फितुराची!" मग डोक्यावर. दगडावर टरबूज आपटावं तसा आवाज. पुन्हा डोक्यावर. त्या आवाजाखाली फिंटन रडत होता, हेही ऐकू येत होतं.

माझ्या सीटमागे आग विझवायचा लाल सिलिंडर असतो. तो उचलून मी धावले.

"फिंटन, सोड! मरेल तो!"

त्यानं वळून पाहिलं. अर्धे दात गेलेले, एक डोळा मिटलेला. मी कोण, हे त्याच्या उरलेल्या डोळ्याला कळत नव्हतं. त्यानं काठी पुन्हा खांद्याच्या वर नेली. मी सिलिंडर दोन्ही हातांनी फिरवला आणि त्याच्या कोपरावर घातला. कोपर उलट्या बाजूला वाकलं. काठी पडली, तो पडला. त्याची किंकाळी मोकळ्या बसमधल्या स्पीकरांतूनही आली. तोवर लोक मागच्या दारानं उतरून रस्त्यानं पळत सुटले होते.

अट्रॅक्टा गोठ्यातून धावत आली, हात अजून दुधानं ओले. भावाचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "टॉवेल आण, पोरी."

मालाकी मेला नाही. एक डोळा गेला, उजवी बाजू गेली आणि वाचा जवळजवळ गेली. त्याच्यावर खटला उभा राहू शकला नाही. फिंटनवर राहिला. पहिल्यांदा कोणी मारलं, हे सगळ्यांनी सांगितलं. मला वकिलानं विचारलं, "त्यांनी हात वर केला होता का?" मी म्हटलं, "केला होता. पंजा उघडा होता." फिंटन तुरुंगात गेला. मला बसच्या मालकानं घरी बसवलं. काहिरच्या एका पबमध्ये एकानं माझ्या तोंडावर बिअर फेकली. म्हणाला, "स्वतःच्या जोडीदाराचा हात मोडणारी बया!"

मी दुधाचा टँकर चालवायला घेतला. टूहींचा गोठाही माझ्याच वाटेवर. अट्रॅक्टा एकटीनं सगळं ओढत होती; मी नळी जोडून दूध भरून घेईपर्यंत ती चहा आणायची. पुलावर बस अजूनही थांबायची. आता गाईड पोरी आम्हा तिघांची गोष्ट सांगायच्या. त्यात मी मालाकीची प्रेयसी असते. पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा मी टँकरमधून उतरले होते, मुठी वळून. कशीबशी परत चढले.

फिंटन सुटून आल्यावर कॅशलच्या बाजारात भेटला. हात कोपरात वाकलेलाच राहिला होता. शिव्या देईल असं वाटलं.

"बरं केलंस मारलंस ते," तो म्हणाला. दातांअभावी शब्द विरघळत होते. "पण खरं सांग, डर्व्हला. म्हातारा निर्दोष होता का गं? लूक?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं आणि ते खरं होतं.

त्याच हिवाळ्यात अट्रॅक्टानं सांगितलं. फिंटन भेटल्याचं मी बोलले होते, त्यावरून निघालं. ती दुधाच्या टाकीला टेकून उभी होती.

"आजोबानं सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पोरं माळ्यावर आहेत, ते. टॅन लोकांनी ब्रीद आत्याला पाय धरून विहिरीत उलटी सोडली होती. चिमुरडी होती ती. वर काढायचे, विचारायचे, परत सोडायचे. आजोबा गप्प होता. मग एकदा वर काढली ती हललीच नाही. तेव्हा बोलला. बोलल्यावर त्यांनी तिच्या पाठीत थापट्या मारून पाणी काढलं. जगली. माझ्या हातात गेली ती, म्हातारी होऊन. जाताना मला सांगितलं, माझ्यापायी गेली गं ती पोरं."

"मालाकीला ठाऊक आहे?"

"त्याला कसं सांगू? आजोबा निर्दोष, यावरच तो माणूस जगला." तिनं कप माझ्या हातातून घेतला. "तू फिंटनला सांगणार?"

मी नाही म्हटलं. विहिरीत लोंबणारी ती पोर त्याला मिळाली असती, तर त्यानं तिचंही सोनं केलं असतं. आणि लूकनं तीन आयांची पोरं दिली, हे तर उरलंच होतं. ते मला कुठे ठेवावं कळेना. अजूनही कळत नाही.

मी आत गेले. मालाकी शेगडीजवळ खुर्चीत होता, गुडघ्यांवर घोंगडी. मला बघून त्यानं डावा हात हलवला आणि एक शब्द काढायला घेतला. गळ्याच्या शिरा ताणल्या, लाळ ओघळली. मी वाट पाहिली.

"ब... बस?"

खिडकी त्याच्या पाठीमागे होती. पुलावर एक निळी बस उभी होती आणि लोक कठड्यापाशी उतरून फोटो काढत होते.

"नाही, मालाकी," मी म्हटलं. "आता नाही थांबत इथे."

त्यानं मान हलवली, डोळा मिटला. त्याची हनुवटी रुमालानं पुसून मी बाहेर आले, नळी गुंडाळली आणि बस पूल मोकळा करीपर्यंत टँकरमध्ये बसून राहिले.