वहिनीचा हात

"काय म्हणाली गं ती?" आईने विचारलं.

ओलेनाने फोन ठेवला. "म्हणते, घर पडलं, मुलगा लढतो. पण एकच साहेब कायमचा नको. युद्ध संपलं की मत देणार."

"बाई गं!" आईने डोळे टिपले.

सरोज स्वयंपाकघरात चहा गाळत ऐकत होती. ओलेना तिची वहिनी, मूळची युक्रेनची, लग्नानंतर मराठी शिकलेली. भाऊ गुरुदत्त युक्रेनमध्ये डॉक्टर. युद्ध पेटल्यावर त्याने बायकोला डोंबिवलीला पाठवलं आणि स्वतः तिथल्या हॉस्पिटलात राहिला. एका सर्वेक्षणासाठी ओलेना इथूनच तिकडच्या माणसांना फोन करून विचारायची: युद्धामुळे निवडणुका थांबल्यात, तर लोकशाही अजून हवी वाटते, की सगळं एकाच्याच हाती द्यावं? आई शेजारी बसून प्रत्येक उत्तर समजावून घ्यायची. सरोज इतकी वर्षं बँकेतून दमून घरी येत होती. तिच्या दिवसाची अशी चौकशी आईने कधी केली नव्हती.

महापालिकेच्या मतदानादिवशी आई सकाळीच ठेवणीतली साडी नेसून बसली.

"विधानसभेला मी रिक्षा दारात आणलेली," सरोज म्हणाली. "तेव्हा गुडघे दुखत होते तुझे."

"आजही दुखतायत. पण ती माणसं बघ ना, डोक्यावर बॉम्ब पडतायत तरी..." आईने आधारासाठी हात पुढे केला. ओलेनाकडे.

दोघी हसत जिना उतरल्या. सरोज मागून चपला ओढत.

शाळेच्या फाटकाशी पोलिसाने ओलेनाला अडवलं. "मॅडम, तुम्ही वोटर नाय ना? मग इथंच थांबा."

आईचा हात सरोजच्या दंडावर आला. सरोजला बरं वाटलं. इतकं, की वहिनीचं तोंड कसं झालंय ते तिने वळून पाहिलं.

त्या मत देऊन बाहेर आल्या, तेव्हा ओलेना उन्हात तिथेच उभी होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोटं बघत.

"दाखव," ती म्हणाली. तिने सरोजचं बोट धरलं, शाईवरून हलकेच अंगठा फिरवला. "मी शेवटचं मत दिलं तेव्हा गुरू बाहेर थांबलेला. अशीच शाळा होती. आता नाही."

सरोजने आईचा हात ओलेनाच्या हातात दिला आणि रिक्षा बघायला पुढे गेली. रिक्षाला तिने उजवा हात केला. शाईचं बोट ओढणीखाली होतं.