एक गोचीड, तीनशे पाहुणे

मेंढ्यांची लोकर उतरवताना ओसेरबायनं गोचिडी हातानंच उपटल्या आणि अंगठ्याच्या नखावर एकेक चिरडली. त्याचा बाप असंच करी, आजाही असंच करी. सून ऐनाश गावच्या दवाखान्यात परिचारिका. दर वसंतात ती घरोघर रबरी हातमोजे वाटत फिरे आणि तिच्या स्वतःच्या घरचे मोजे कपाटावर धूळ खात पडत. पिकतं तिथं विकत नाही, ते काही खोटं नाही.

आज शुक्रवार, म्हातारा तापानं पडला त्याला तिसरा दिवस. ऐनाशच्या धाकट्या दिराचं लग्न रविवारी. अंगणात तीन बायका सकाळपासून लग्नाचे बोरसाक, कणकेचे फुगीर गोळे, तळत होत्या आणि तेलाचा वास थेट दवाखान्यापर्यंत गेला होता. ऐनाश दुपारी घरी आली, सासऱ्याला चहा दिला आणि त्यानं वाटी खाली ठेवली तेव्हा वाटीच्या काठाला लाल ओठ उमटलेले दिसले. तिनं त्याचा सदरा वर केला. पोटावर बारीक लाल ठिपके होते, टाचणीनं टोचल्यासारखे. गेल्या वर्षी शेजारच्या गावात हेच ठिपके तिनं पाहिले होते आणि आठवड्यानं त्या माणसाच्या मातीला गेली होती.

"अता," सासऱ्याला ती असंच हाक मारी, "तुम्हाला आज, आत्ता शहरात न्यायला हवं."

"जर्दाळू खाल्लेत कच्चे," सासू कुल्पाश दारातून म्हणाली. तिचे दोन्ही हात पिठानं भरलेले होते. "पोट बिघडलंय. तू लगेच स्मशान दाखवू नकोस."

"आपा," ऐनाश सासूकडे वळली, "हे गोचिडीचं आहे."

"तिळाएवढी गोचीड! ती काय एवढ्या धिप्पाड माणसाला लोळवणार?"

"गोचीड नाही, तिच्यातला विषाणू. गोचिडीला त्याचं काही नाही, आपल्यालाच तो बाधतो." ऐनाशनं खिडकीबाहेर बोट केलं. "ते बघा. मघाशी कुणीतरी येऊन म्हणालं, आपांनी सांगितलंय, अजून दहा किलो मळा. बायकांनी विचारलं का, खरंच सांगितलंय का म्हणून? मळायला बसल्या."

"मी नव्हतं सांगितलं," सासू चमकून म्हणाली. "कोण म्हणालं?"

"तेच तर. विषाणूकडे ना चूल, ना पीठ, ना हात. फक्त एक चिठ्ठी, आणि ती उतरवून काढायला बरोबर आणलेला स्वतःचा कारकून. ओळखीचा असल्यासारखा तो पेशीच्या दारातून आत येतो. पेशीच्या स्वतःच्या चिठ्ठ्या असतात ना, त्यांचा वरचा मथळा तो कारकून कापतो आणि आपल्या चिठ्ठीला लावतो. पेशीला वाटतं, घरचाच हुकूम. ती राबते. तिच्याच पिठाचे, तिच्याच चुलीवर हजारो विषाणू तयार होतात आणि शेजारच्या पेशीत शिरतात. आरडाओरडा होऊ नये म्हणून आतली घंटाही तो आधी बांधून ठेवतो. म्हणून गोचिडी चिरडल्यावरही अता चार दिवस हसतखेळत होते."

म्हातारा उशीवरून खोल आवाजात हसला. "म्हणजे माझं सगळं शरीर सून झालंय म्हण की. सासूचं नाव सांगितलं की निमूट कामाला लागायचं."

"अता, बोलू नका, हिरड्यांतून रक्त येतंय." तिला हसू आलं आणि रडूही. "एक औषध आहे. ते त्या कारकुनाचं लिहिणं बिघडवतं, नकला चुकतात. पण लवकर द्यावं लागतं. उद्या चौथा दिवस. नंतर नकला इतक्या झालेल्या असतात की औषध कुणाकुणाला गाठणार?"

कुल्पाश आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं. आवाज एकदम खाली आणला. "सोमवारी ने. आत्ता फोन केलास तर पांढरे झगे घातलेली माणसं उतरतील. दारावर कागद चिकटेल. सोयरे अर्ध्या वाटेतून परततील. पोराचं लग्न मोडलं तर तोंड दाखवायला जागा राहील का? मी सांगतेय, सोमवारी."

अकरा वर्षांत ऐनाशनं सासूचा शब्द मोडला नव्हता. चहा किती ओतायचा तेही सासू ठरवी. ती फोन घेऊन अंगणातच गेली, कारण घरात नेटवर्क नव्हतं. बायकांच्या हातातले झारे थांबले.

"रुग्णाचं नाव?" पलीकडून विचारलं गेलं.

सासऱ्याचं नाव तिनं कागदावर शंभरदा लिहिलं होतं, तोंडानं एकदाही उच्चारलं नव्हतं. त्या गावात कुठलीच सून उच्चारत नाही. मागे सासू उभी होती.

"ओसेरबाय," ती म्हणाली. पलीकडे ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली. एका बाईनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं.

तासाभरात गाडी आली. म्हाताऱ्याला नेलं, दारावर कागद लागला, दिरानं स्वतः तीनशे पाहुण्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. बोरसाकांची पाच पोती पडवीत वाळत राहिली. घरातल्या प्रत्येकानं सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, असं शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. कुल्पाश थर्मामीटर लावी, सुनेनं वाचावा म्हणून भिंतीकडे ठेवून देई, आणि सुनेशी एक शब्द बोलत नसे. वाढलेलं ताट तसंच परत येई. ऐनाशला ते लागे. आपण चुकलो नाही हे माहीत असूनही लागे.

म्हाताऱ्याला नेल्यापासून सहाव्या दिवशी इस्पितळातून फोन आला. रक्त थांबलं होतं, म्हातारा मटणाचं सूप प्याला होता आणि मीठ कमी म्हणून कुरकुरलाही होता. ऐनाशनं ते सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. सासू उठून आपल्या खोलीत गेली.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. तिच्या खांद्याला कपड्यांची पिशवी होती. थर्मामीटर तिनं सुनेसमोर धरला, पण हातात दिला नाही, टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

"अडतीस पाच. ताप चढलाय," ती म्हणाली. "त्या शुक्रवारी पहाटेच ह्यांच्या नाकातून रक्त आलं होतं. अभ्रा मी धुऊन टाकला, तुला दिसू नये म्हणून. हातानंच धुतला."

ऐनाश पुढे झाली.

"जवळ येऊ नकोस. मोजे घाल आधी." कुल्पाश दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. "आज माझा पहिलाच दिवस आहे. फोन कर."