बाराव्या फोटोखालचं वाक्य

रौदाला जर्मनीहून पत्र आलं, तेव्हा तिला आनंद झाला आणि त्या आनंदानेच घात केला. बारा देशांतल्या बारा पत्रकारांना सहा महिने तिथल्या वर्तमानपत्रांत काम करायला मिळणार होतं, त्यात स्फाक्स शहरातल्या छोट्या रेडिओवरची ती एक. सोबत तिची ओळख करून देणारा मजकूर होता, तपासून कळवा म्हणून. तिने नावाची अक्षरं पाहिली, फोटो पाहिला आणि ‘ठीक आहे’ असं कळवून मोकळी झाली. आईने गोडधोड करायला घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला निवडलेल्यांची यादी संकेतस्थळावर जाहीर झाली की साऱ्या गावाला पाठवायची, हे मावसभावाने ठरवूनच टाकलं.

शुक्रवारी दुपारी तिने तो मजकूर रेडिओचे म्हातारे संपादक हामादी यांना कौतुकाने वाचून दाखवला. ऐकता ऐकता म्हाताऱ्याने चहाचा पेला खाली ठेवला.

“पोरी, तुझ्या बातमीतल्या त्या घाण्यावर टँकर चालवणारे किती?”

“दोन.”

“आणि गेल्या हंगामात?”

रौदाने मजकूर पुन्हा पाहिला. गेल्या हंगामात एकटा मोसबाह होता. जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल काढणाऱ्या घाण्याचं काळं सांडपाणी ठरलेल्या खड्ड्यात न नेता पहाटे ओढ्यात सोडतात, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. बातमीत तिने त्याचा माग राहू दिला नव्हता, त्याचं बोलणंही दुसऱ्याच्या आवाजात ऐकवलं होतं. पण अर्जात प्रश्न होता, लोकांचा विश्वास कसा मिळवता? तिथे ती रंगात येऊन लिहून गेली, की टँकरचालकाच्या शेजारी बसून मी तीन फेऱ्या मारल्या. परीक्षकांपुरतंच आहे, असं ती धरून चालली. आता ते वाक्य जसंच्या तसं तिच्या फोटोखाली आलं होतं; वाचताच घाण्याच्या मालकाला माणूस कळला असता.

“बातमीत माणूस झाकलास,” हामादी म्हणाले, “आणि स्वतःची शेखी मिरवताना उघडा टाकलास.”

जर्मनीतली कचेरी शुक्रवारी दुपारीच बंद झालेली. रौदा रेडिओच्या बोळात येरझाऱ्या घालत फोन लावत राहिली. तिसऱ्या ओळखीतून आनेग्रेट या बाईंचा नंबर मिळाला. यादीचं काम त्याच बघत. त्या आगगाडीत होत्या. मजकूर इथून बदलता येणार नाही, म्हणाल्या, नाव मात्र अख्खं काढता येईल. पण मग जागा तुमच्यासाठी राहील असं सांगता येत नाही, मागे लोक थांबलेत.

काढा म्हणायला जीभ वळेना. विचारून सांगते म्हणाली आणि टॅक्सी करून मोसबाहचं घर गाठलं.

तो अंगणात घोंगडी टाकून बदाम फोडत बसला होता. तिचं सगळं ऐकेपर्यंत त्याचा हात थांबला नाही.

“मी हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही,” तो म्हणाला. “तू किती जणांना सांगितलंस?”

“पाच परीक्षक आहेत, काका.”

“पाच.” त्याने टरफलं बाजूला सारली. “आता मला विचारायला का आलीस? असू दे, एवढं माझ्या तोंडून ऐकायला?”

त्याचसाठी आली होती ती. सहाला वीस मिनिटं होती. तिने त्याच्या दारातूनच फोन लावला आणि काढा म्हणून सांगितलं. पूर्ण का, असं बाईंनी पुन्हा विचारलं. पूर्ण, ती म्हणाली.

त्या घरातून ती पहिल्यांदाच कॉफी न घेता निघाली. मोसबाहने बस म्हटलं नाही आणि तिनेही अपेक्षा केली नाही.

सहा वाजल्यावर टॅक्सीच्या थांब्यावर तिने यादी उघडली. अकरा फोटो. तिचा नव्हता. आईचा फोन वाजत होता. काय सांगायचं ते सुचेना, म्हणून ती इतरांचे मजकूर वाचत बसली. नवव्या फोटोतला माणूस कुठल्यातरी डोंगराळ मुलखातला होता. त्याला म्हणे मुलांच्या वॉर्डातली औषधचोरी सापडली होती, आणि ती सांगणारी होती तिथली ‘रात्रपाळीची एकमेव परिचारिका’.

तिने वाक्य दोनदा वाचलं. आईचा फोन कापला आणि आनेग्रेटचा नंबर लावला. बाईंची आगगाडी बोगद्यात असावी, लागेना. टॅक्सीवाल्याने चल म्हणून हाक दिली, तिने हातानेच त्याला पुढे जायला सांगितलं आणि पुन्हा नंबर लावला.