पुंजाजीच्या कमरेचा कसा

मित्रांनो, मी एक जुना कमरेचा कसा आहे. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण तुमच्या घरी पैसा पाकिटात राहतो. आमच्या काळी खिशात पैसा ठेवणाऱ्याला लोक येडा म्हणत. मी म्हणजे जाड मांजरपाटाची लांबलचक, अरुंद पिशवी, दोन्ही टोकांना मजबूत नाडे. आत पैसे भरायचे, धोतराच्या आतून कमरेभोवती गुंडाळायचं आणि पोटावर गच्च गाठ मारायची. माझ्या अंगावर एक मोठा काळा डाग आहे. तो रक्ताचा आहे. तो पाहून ज्याला नाक मुरडायचं असेल त्याने खुशाल उठून जावं, मी काही कोणाला धरून ठेवलेलं नाही.

माझा जन्मच मारात झाला. भागिरथाबाईंनी माझं कापड आधी दगडावर आपटून आपटून धुतलं, मग टरकन फाडलं, मग दाभणाने भोसकून भोसकून शिवलं. अशा जन्माचा जीव तापट निघाला तर नवल काय? त्यांचे यजमान पुंजाजी हे आमच्या भागातले नामांकित हेडी. हेडी म्हणजे बैलांचे सौदे जमवणारा माणूस. शिरपूरपासून कोसभर आत आमचं गाव, आणि वाशीमपर्यंतचा एकही बैलबाजार पुंजाजींनी सोडला नाही.

बैलाचा सौदा तोंडाने होत नसे, मित्रांनो. हेडी आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली गिऱ्हाईक हेड्याची बोटं धरी. एक बोट धरलं तर शंभर, दोन धरली तर दोनशे, सगळा पंजा धरला तर पाचशे. भोवती माणसांची गर्दी असली तरी भाव कोणाला कळत नसे. मला मात्र कळे, कारण रुमालाची कड माझ्यावरच लोळत असे. आणि हे सारं उजव्या हाताने. डाव्या हाताने सौदा केला तर तो सौदा नव्हेच, असं सगळे मानत.

बाजारात मी काय काय भोगलं! एकदा एका मारक्या गोऱ्ह्याने पुंजाजींच्या पोटात शिंग घातलं. ते शिंग माझ्यातल्या नाण्यांवर अडलं, नाहीतर आतडी बाहेर आली असती. दुसऱ्या एका बाजारात एका उचल्याने पातं घेऊन माझ्या नाड्याला हात घातला. पुंजाजींनी त्याचं मनगट धरून असं पिरगाळलं की कडकन आवाज आला. मग लोकांनी त्याला बैल हाकायच्या तुतारीने, जोड्याने, मिळेल त्याने बडवला. त्याचे दात मातीत पडलेले मी पाहिले आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. पुंजाजी मला थोपटून म्हणाले, "कसा नाही हा, माहा पाठचा भाऊ हाये!"

ही थोपटण्याची सवय मात्र वाईट. चालता-बोलता, चहा पिता पिता पुंजाजींचा हात कमरेवर जाई. कमर भरलेली की रिकामी, हे त्या हातावरून ओळखणारी माणसं बाजारात होती. त्यांतला एक उकंडराव. तोही हेडीच, पुंजाजींच्या शेजारी बसणारा, त्यांच्याच बशीतला चहा पिणारा.

एकोणीसशे पंच्याहत्तर सालचा हिवाळा होता. पुंजाजींचा एकुलता मुलगा जगदेव वेल्डिंग शिकला होता आणि त्याला कुवेतला काम मिळालं होतं. मुंबईत विमानाच्या तिकिटाचे पैसे भरायचे होते आणि तिकडे पोचल्यावर हाताशी काही हवं होतं. त्यासाठी घरची बैलजोडी विकली गेली आणि सूनबाई विजयमालेच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी गेली. आता एवढा पैसा परमुलखात न्यायचा कसा, यावरून घरात जे रण पेटलं, त्यापुढे बैलबाजारातल्या मारामाऱ्या म्हणजे पोरखेळ.

जगदेव वाशीमच्या बँकेत जाऊन आला होता. तिथल्या माणिकराव साहेबांनी त्याला सगळं नीट समजावलं होतं. नगद न्यावी तर चोराचं भय. मुंबईपर्यंत ड्राफ्ट न्यावा, तो चोरला तरी दुसऱ्याला वटत नाही. मुंबईत त्याचे प्रवासी चेक घ्यावेत, हरवले तर बँक पुन्हा देते. आणि फार मोठ्या साहेबलोकांजवळ म्हणे एक ताठ कार्ड असतं, ते दाखवलं की परदेशात उधारीवर सगळं मिळतं. "पण ते आपल्यासारख्याले भेटत नाही," जगदेव हसून म्हणाला. "आपण ड्राफ्ट काढू, बाबा."

पुंजाजी उसळले. "कागदावर माह्या बैलाची किंमत लिवून देतीन, अन् तू तो कागद घेऊन समुद्रापार जाशीन? कमरेचं तेच आपलं! कसा बांध!"

"कसा बांधून कोणी इमानात बसते काय? लोक हासतीन!"

या हासण्याने घात केला. पुंजाजींनी कोपऱ्यातली तुतारी उचलली आणि लग्न झालेल्या पोराच्या पाठीवर सपासप ओढली. सदरा फाटला, पाठीवर वळ उठले. जगदेवनेही तुतारी धरली, हिसकली आणि गुडघ्यावर मोडून भिंतीवर फेकली. भागिरथाबाई मध्ये पडल्या, त्यांच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं. दोघे बापलेक एकमेकांचा गळा धरून उभे होते. तेव्हा विजयमाला डोक्यावरचा पदर सावरत पुढे आली.

"मामाजी, मारा. मलेही मारा. पण एकदाणी माही होती. माही एकदाणी ब्यांकेतच जाईन."

पुंजाजींचे हात खाली आले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः वाशीमला गेले, मला कमरेवरून सोडलं आणि सगळा पैसा बँकेच्या खिडकीत ओतला. बदल्यात एक पातळ कागद आला. मला तर तो अपमान अजून गिळवत नाही. शिंग मी झेललं आणि मान त्या कागदाला!

पण मित्रांनो, पुंजाजींनी गेले कितीतरी बाजार छाती ठोकून सांगितलं होतं, की पोराचा पैसा बापाच्या कमरेवरून जाईल. आता कोणत्या तोंडाने रिकामी कंबर दाखवायची? निघायच्या दिवशी त्यांनी मला खुंटीवरून काढलं. रिकामा कसा बांधून वाटेला लागू नये अशी आमच्याकडची रीत, म्हणून भागिरथाबाईंनी माझ्यात ज्वारी भरली. पुंजाजींनी मला बांधलं आणि सवयीने थोपटलं. निरोपाला सारं गाव जमलं होतं. शिरपूरहून उकंडरावही आला होता. त्याने जगदेवला नारळ दिला आणि पुंजाजींना कडकडून मिठी मारली. मिठीत त्याचा हात माझ्यावरून फिरला आणि तो आमच्या आधीच निघून गेला. ज्वारी आहे हे त्या हाताला कसं कळावं? मला ओरडता आलं असतं तर मी बोंब मारली असती.

बापलेक पायवाटेने शिरपूरच्या एसटीला निघाले. जगदेवच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, सदऱ्याच्या आतल्या खिशात पासपोर्ट आणि ड्राफ्ट. ऐन दुपार, शिवारात चिटपाखरू नाही. नाल्यात उतरताच पळसाच्या झुडपांतून तोंडाला फडकी बांधलेले दोघे बाहेर आले. एकाजवळ काठी, दुसऱ्याजवळ विळा.

पहिली काठी जगदेवच्या कानशिलावर बसली. तो पेटीसकट आडवा झाला. काठीवाला त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि त्याने सदऱ्यात हात घातला. पासपोर्टचा कोपरा बाहेर आला. तो पासपोर्ट फाटला असता, नाल्यात गेला असता, तर कुवेत तिथेच संपलं असतं. बैलजोडी आणि एकदाणी पाण्यात गेली असती.

पुंजाजींना त्या क्षणी पळता आलं असतं. मला सोडून फेकता आलं असतं. पण मी उघडला की ज्वारी निघणार, आणि मग दोघेही चोर पोराच्या खिशाकडे वळणार, हे त्या हेड्याने पापणी लवायच्या आत ओळखलं. त्यांनी माझ्यावर जोराने थाप मारली.

"त्या पोट्ट्याजवळ काय पायता बे? माल इथं हाये! मायचं दूध पेलं असन त या!"

दोघेही पुंजाजींवर तुटून पडले. मित्रांनो, तशी झुंज मी कधी पाहिली नाही. पुंजाजींनी एकाच्या दंडाचा लचका तोडला, दुसऱ्याच्या पोटात डोकं हाणलं. त्यांच्या कपाळावर काठी बसली, डोळ्यांत रक्त उतरलं. तरी उजवा हात माझ्या गाठीवर घट्ट. "सोड, म्हाताऱ्या, सोड!" विळेवाला ओरडला. पुंजाजींनी सोडलं नाही. लाखाचा माल असावा तसं त्यांनी त्या पायली-अर्ध्यापायली ज्वारीला धरून ठेवलं. मग विळा खाली आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझ्या अंगावर पडलं. ऊन ऊन रक्त माझ्या धाग्याधाग्यात शिरलं. दुसऱ्या घावाने मी फाटलो आणि ज्वारी भुळभुळ सांडली.

"ज्वारी!" विळेवाला किंचाळला, आणि तो आवाज पुंजाजींनी ओळखला. इतकी वर्षं शेजारी बसून ऐकलेला आवाज.

"उकंडराव? तू?"

तोवर जगदेव उठला होता. त्याने नाल्यातला धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि उकंडरावच्या गुडघ्यावर घातला. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. काठीवाला साथीदाराला टाकून पळाला. जगदेवने धोंडा पुन्हा डोक्यावर उचलला, या वेळी तो उकंडरावच्या डोक्यासाठी होता.

"फेक तो गोटा!" पुंजाजी ओरडले. "खून करून जेलात जाशीन का कुवेतले जाशीन? मोटर चुकून राह्यली!"

जगदेवने धोंडा टाकला. मग माझाच एक तुकडा फाडून त्याने बापाचा हात आवळून बांधला. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थेट वाशीमच्या दवाखान्यापुढे नेली. जगदेव जायला तयार नव्हता. खाटेवर पडलेल्या पुंजाजींनी त्याला घरच्या सगळ्या शिव्या दिल्या. "तू गेला नाही त माही बोटं फुकट गेली रे, हरामखोरा! जाय!" तो रडत रडत स्टेशनकडे गेला. उकंडरावला पोलिसांनी नाल्यातूनच उचलला. पुढे तो जन्मभर पाय ओढत चालला, आणि मला त्याची कधीच कीव आली नाही.

यानंतर माझे वाईट दिवस आले. विजयमालेने मला शिवलं, पण डाग निघाला नाही. पुंजाजी पुन्हा बाजारात गेले. रुमालाखाली हात पुढे केला, तर गिऱ्हाईक धरणार काय? तीनच बोटं. पाचशेचा बैल असला तरी हात तीनशेच्या पुढे जाईना. डावा हात तर चालतच नाही. काही दिवस लोकांनी दया दाखवली, मग थट्टा सुरू झाली. एक दिवस रुमाल उचलून पुंजाजी घरी आले आणि परत बाजाराला गेलेच नाहीत. मला त्यांनी खुंटीला अडकवलं. उंदरांनी माझा एक नाडा खाल्ला. पैसे घरात येत होते, मनिऑर्डरने, ड्राफ्टने. माझी कोणाला गरज नव्हती. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचीही नव्हती, असं त्याला वाटे.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या दिवाळीला जगदेव आला. तिकडे तो फोरमन झाला होता. त्याने खिशातून एक ताठ, चकचकीत कार्ड काढून बापाच्या तळहातावर ठेवलं. तेच ते, साहेबलोकांचं. पुंजाजींनी ते उलटंपालटं केलं.

"अन् हे कोणी हिसकलं त?"

"देऊन टाकीन, बाबा. ब्यांकेत सांगतलं का बंद होते. दुसरं भेटते." जगदेवने बापाच्या तुटक्या बोटांकडे पाहिलं. "तिकडं दोन ब्यांकांचे साहेब आलते. एक म्हणे आमचं कार्ड सगळ्या मुलखात चालते, दुसरा म्हणे आमचं सस्तं पडते. मी एकच इचारलं. हे सोडून देल्लं त चालते काय? जो हो म्हणाला, त्याचं घेतलं."

जगदेव उठला, मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि उरलेल्या एका नाड्याने बापाच्या कमरेला बांधलं. मग समोर मांडी घालून बसला आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

"कायचा सौदा करून राह्यला?" पुंजाजींनी विचारलं.

"तुमी भाव समजून घ्या."

भागिरथाबाई पाहत होत्या, विजयमाला पाहत होती, पण रुमालाखालचं फक्त मला दिसलं. जगदेवने बापाची तीन बोटं धरली. मग त्याचा हात पुढे सरकला आणि त्याने ती दोन थोटकंही धरली, आधी एक, मग दुसरं, अगदी अलगद. सगळा पंजा झाला.

पुंजाजींनी पोराचा हात आवळला. ते म्हणाले, "पटला."

मित्रांनो, आता मी जगदेवच्याच घरी एका पेटीत असतो. माझी एवढीच विनंती आहे. पैशासाठी अशी वस्तू निवडा, जी वेळ आल्यावर खुशाल फेकून देता येईल. तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा जुना, डागाळलेला जीव असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, पण त्याचा डाग घासत बसू नका. आणि कोण्या म्हाताऱ्याने हात पुढे केला तर तो सगळा धरा. बोटं मोजू नका.