ऊन अंगणात उतरण्याआधी

पदुममध्ये सकाळ वरून खाली उतरते. प्रथम समोरच्या डोंगराच्या माथ्यावरचे बर्फ गुलाबी होते, इतके हलके की डोळे किलकिले केले तर ती छटा नाहीशीच व्हावी. मग त्या गुलाबीला पिवळेपणा येतो आणि तो पिवळेपणा खडकाच्या एकेका घडीत थांबत, वाट ठाऊक असलेल्या आणि घाई नसलेल्या माणसासारखा, कर्शाच्या मठापर्यंत येतो. मठाच्या पांढऱ्या भिंती उजळतात. त्यानंतर नदीपलीकडची जवाची शेते, पुलावरच्या विटलेल्या पताका, आमच्या गल्लीतल्या पॉप्लरांचे शेंडे. अंगण मात्र तोवर निळसर सावलीतच असते. नाडी बघायची ती या एवढ्याच वेळात. ऊन डोंगरावर असावे, अंगणात नसावे. रोग्याने काही खाल्लेले नसावे, कोणाशी भांडलेले नसावे.

"भांडले नाही हो मी, अम्ची," गालिच्यावर टेकत गावातली म्हातारी अबी यांगडोल म्हणाली. चढ चढून आल्यामुळे तिला चांगलीच धाप लागली होती. "भांडायला घरात उरलंय कोण? नवऱ्याच्या फोटोशी दोन शब्द बोलले, तेवढंच."

"मग फोटो काय म्हणाला?" मागे नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्या मेमे फुनछोगांनी विचारले.

"जिवंतपणी म्हणायचा तेच. काही नाही."

अबा हसले. माझे वडील चाळीस वर्षे या गावाचे अम्ची, म्हणजे वैद्य, आहेत. त्यांनी अबीचा उजवा हात हाती घेतला आणि मला तिच्या डाव्या बाजूला बसण्याची खूण केली. नाडी अशीच शिकवतात. एक मनगट गुरूच्या बोटांखाली, दुसरे शिष्याच्या. शिष्याने सांगायचे, गुरूने आपल्या बोटांना विचारून पारखायचे. पुस्तकातून हे येत नाही.

अबांनी मला पहिल्यांदा बोलावले, त्याला सात वर्षे झाली. त्यानंतर दर शरदात, बर्फाने खिंड बंद होण्याआधी, त्यांचा फोन येई. "एक हिवाळा दे मला, मुटुप. बोटं एका हिवाळ्यात तयार होतात." लेहच्या औषधांच्या दुकानात फळीपाशी उभा राहून मी दर वेळी "पुढच्या वर्षी" म्हणत असे. या वर्षी आलो, तीन महिन्यांची रजा घेऊन. आजचा नववा दिवस होता.

लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या मी अंगणातले हे आवाज ऐकत असे. एकदा मेमे फुनछोगांचे मनगट धरून अबा म्हणाले होते, "चहा पिऊन आलास. लोणी घालून. आणि एकच पेला नाही." सगळे अंगण हसले होते. शाळेत कोणाशी न बोलणाऱ्या माझ्या मनगटावर ते रोज जाताजाता बोटे ठेवत आणि विचारत, "रात्री रडलास?" मी नाही म्हणत असे. त्यांनी माझ्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही, आणि मला त्याचाच आधार वाटे.

"काय म्हणते?" अबांनी विचारले.

धाप लागलेल्या माणसाला अबा पूर्वी हात लावत नसत. आधी घटकाभर बसवत. आज त्यांनी बसवले नव्हते. काल त्यांनी चुलीवरची किटली फडक्याशिवाय उचलली होती, तेव्हा राबलेले हात आहेत, असे मी स्वतःला समजावले होते. नऊ दिवसांत मी सांगितलेले एकदाही चुकले नव्हते, आणि मी स्वतःला हुशार समजू लागलो होतो.

माझ्या बोटांखाली अबीची नाडी उधळलेली होती. मी मुद्दाम उलटे म्हणालो, "मंद आहे. खोल आणि मंद."

"बरोबर," अबा म्हणाले.

अबीने माझ्याकडे पाहिले. मग बाही खाली ओढून ती मोठ्याने म्हणाली, "गुडघे, अम्ची. थंडी पडली की डावा धरतो. आणि झोप नाही."

"तेच दिसतंय," अबा म्हणाले आणि पुड्या बांधायला आत गेले.

पुड्या मिळाल्यावर मी अबीला उतारापर्यंत सोडायला गेलो. तिने माझा दंड घट्ट धरला होता.

"छातीत घोडा उधळला होता माझ्या," ती म्हणाली, "आणि तू म्हणतोस मंद. दुकानात असंच देतोस का औषध?"

"अबा बरोबर म्हणाले."

"ते सगळ्यालाच बरोबर म्हणतात. दोन हिवाळे झाले, बोटं मेलीत त्यांची. आम्ही बोलताबोलता दुखणं सांगून टाकतो, ते औषध देतात. औषधाचं सगळं अजून पक्कं आहे डोक्यात."

"तुम्हाला कळलंय, हे त्यांना ठाऊक आहे?"

"कोण विचारणार? तू विचारतोस?"

मी तिची काठी तिच्या हाती दिली. "तुझ्या बापाचीच जात," असे म्हणून तिने दंड सोडला आणि काठी टेकत ती एकटीच खाली गेली.

मी परतलो तेव्हा मेमे फुनछोग हात पुढे करून बसले होते. पुरुषाची नाडी आधी डाव्या हाताची बघतात. अबांनी तो हात घेतला आणि तीन बोटे ठेवली. ती नाडीवर पडली नाहीत, शेजारच्या हाडावर पडली. अबा डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत राहिले. तेव्हा मेमे फुनछोगांनी डोंगराकडे बघत, खाज आल्यासारखे मनगट थोडे फिरवले, आणि अबांची बोटे जिथे असायला हवी होती तिथे आली.

"मुटुप, बस ना. उजवा धर," अबा म्हणाले.

मी बसलो. या वेळी मी खूप वेळ घेतला. प्रत्येक बोट वेगवेगळे दाबून पाहिले, श्वास मोजले.

"ताठ आहे," मी म्हणालो. "मधल्या बोटाखाली अडखळते. निदान मला तसं वाटतंय."

"बरोबर," अबा म्हणाले.

ते खरेच बरोबर होते की नाही, हे सांगू शकणारे आता पदुममध्ये कोणी नव्हते. मी सात वर्षे उशिरा आलो होतो.